चंद्रावर राहून चंद्रदर्शन: जपानी शरदाचे सण आणि येणारा काळ

भविष्यातल्या जपानचे चित्र रंगवायला घेतले की बहुतेक जण जुने सण तसेच ठेवून त्यांना नवा साज चढवतात. कागदी कंदिलांच्या जागी हवेत तरंगणारे दिवे येतात, नाचणाऱ्या माणसांच्या जागी यंत्रमानव येतात आणि देवळाच्या तळ्यात खऱ्या चंद्राऐवजी त्रिमितीय चंद्र उमटतो. ही चित्रे दिसायला देखणी असतात, पण सण मुळात कशावर उभा आहे याचा विचार त्यांत क्वचितच असतो. शरदाच्या आरंभी जपानात पाळल्या जाणाऱ्या परंपरा चंद्र, सूर्य, वारा, भाताचे पीक आणि किड्यांचे आवाज यांच्यातल्या अगदी नेमक्या संबंधांना बांधलेल्या आहेत. म्हणून त्यांचे पुढे काय होईल हे समजून घ्यायचे असेल, तर आधी प्रत्येक परंपरेची गाठ कुठे मारलेली आहे ते पाहावे लागते आणि मग ती गाठ चंद्रावर, मंगळावर किंवा तापलेल्या पृथ्वीवर टिकेल का, हे तपासावे लागते.

जपानी पंचांगात सौर वर्षाचे २४ भाग केलेले असतात आणि त्यांतला शरद ७ किंवा ८ ऑगस्टला सुरू होतो. तेव्हा तोक्योत अंगाची लाही लाही होत असते, तरी त्या दिवसापासून पत्रांतला मायना बदलतो आणि उन्हाळ्याला 'सरता उन्हाळा' म्हटले जाते. सप्टेंबरच्या ७-८ तारखेला 'हाकुरो' म्हणजे शुभ्र दवाचा काळ लागतो आणि २२ किंवा २३ सप्टेंबरला दिवस व रात्र समान होतात. या २४ भागांचे प्रत्येकी तीन तुकडे पाडून ७२ सूक्ष्म ऋतूही मोजले जात. चीनमधून आलेली ही ७२ ऋतूंची यादी शिबुकावा शुन्काई या ज्योतिर्विदाने १६८५ च्या पंचांगसुधारणेच्या वेळी जपानच्या हवामानाला जुळवून घेतली. गवतावर दव पांढरे दिसू लागते, धोबी पक्षी गाऊ लागतो, पाकोळ्या निघून जातात, हे त्यांतले सप्टेंबरचे तीन ऋतू.

या परंपरांनी एक मोठे स्थित्यंतर आधीच पाहिलेले आहे. मेइजी राजवटीच्या पाचव्या वर्षी सरकारने जुने चांद्र-सौर पंचांग सोडले आणि बाराव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसाला १ जानेवारी १८७३ असे ठरवून टाकले. पुढच्या वर्षी अधिक महिना येणार होता आणि त्यामुळे तेरा पगार द्यावे लागणार होते, हेही या घाईमागचे एक कारण होते. परिणाम असा झाला, की महिना व तारीख यांच्या आकड्यांवर बेतलेले सण ऋतूपासून तुटले. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी येणारा 'चोयो' हा शेवंतीचा सण याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. आदल्या संध्याकाळी शेवंतीच्या फुलांवर रेशमाच्या कापसाचे पातळ आच्छादन घालायचे, रात्रभर त्यात दव आणि फुलांचा गंध मुरू द्यायचा आणि सकाळी त्या ओलसर कापसाने अंग पुसून दीर्घायुष्य मागायचे, अशी दरबारातली रीत होती. जुन्या गणनेप्रमाणे हा दिवस साधारण ऑक्टोबरमध्ये येई, तेव्हा शेवंती बहरलेली असे. नव्या गणनेत तो ९ सप्टेंबरला आला, तेव्हा बागेत कळ्याही धड नसतात, आणि सण झपाट्याने मागे पडला.

गंमत अशी, की आज जपानमध्ये शेवंती हवी तेव्हा फुलवता येते. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. त्यामुळे आइची प्रांतातल्या आत्सुमी द्वीपकल्पावर शेतकरी काचघरांत रात्री दिवे लावून झाडाला रात्र लहान असल्याचे भासवतात आणि दिवे बंद करण्याचा दिवस निवडून फुलांचा हंगाम ठरवतात. म्हणजे १८७३ मध्ये तुटलेली गाठ तंत्राच्या बळावर पुन्हा मारता येण्याजोगी आहे. भविष्यातल्या शरदाचा विचार करताना हे काचघर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, कारण ऋतू माणसाने चालवायचा म्हणजे काय, याचा तो चालू नमुना आहे.

सगळेच सण मात्र तारखेबरोबर सरकले नाहीत. 'त्सुकिमी' म्हणजे चंद्रदर्शन हे आठव्या चांद्र महिन्याच्या पंधराव्या रात्री असते आणि ते तारखेला बांधणे शक्यच नव्हते, कारण चंद्र नसलेल्या रात्री चंद्रदर्शन कसले? त्यामुळे ते आजही चंद्राबरोबर फिरते. २०२४ मध्ये ते १७ सप्टेंबरला आले, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ते २५ सप्टेंबरला आहे. त्या रात्री ओसरीत किंवा खिडकीपाशी एक लहानसा चौरंग मांडतात. त्यावर तांदळाच्या पिठाचे १५ पांढरे गोळे मनोऱ्यासारखे रचतात, शेजारी नुकतीच निघालेली अळकुडी ठेवतात आणि फुलदाणीत 'सुसुकी' नावाच्या गवताचे रुपेरी तुरे लावतात. ओंब्या अजून पुरत्या भरलेल्या नसतात, म्हणून हे तुरे भाताच्या लोंब्यांच्या जागी येतात, असे सांगितले जाते. क्योतोच्या दाइकाकु-जी मंदिरालगतच्या ओसावा तळ्यात आजही या दिवसांत ड्रॅगनच्या तोंडाच्या नौका सोडतात आणि लोक पाण्यातला चंद्र पाहत फिरतात.

याच त्सुकिमीपुढे नजीकच्या भविष्यातला एक खराखुरा पेच उभा आहे आणि तो २०३३ सालचा आहे. जपानचे शेवटचे जुने पंचांग १८४४ साली अमलात आले आणि त्यात सूर्याची खरी, किंचित कमी-जास्त होणारी गती धरली होती. त्याचा नियम सांगतो, की ज्या चांद्र महिन्यात शरद-संपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, येईल तो आठवा आणि ज्यात हिवाळ्यातला अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, येईल तो अकरावा. मधे नववा आणि दहावा असे दोन महिने राहायला हवेत. २०३३ मध्ये २३ सप्टेंबर, २३ ऑक्टोबर आणि २२ नोव्हेंबर या दिवशी चांद्र महिने सुरू होतात. संपात पहिल्या महिन्यात येतो आणि अयनदिन तिसऱ्यात. म्हणजे आठवा आणि अकरावा यांच्यामध्ये एकच महिना उरतो आणि दोन नावांना एक जागा मिळते. थंडीच्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ असल्याने सूर्य राशींतून वेगाने पुढे सरकतो, म्हणून एकाच चांद्र महिन्यात सूर्याची दोन संक्रमणे पडू शकतात. मराठी वाचकाला ही भानगड नवी नाही, कारण आपल्या पंचांगात अधिकमासाबरोबर क्षयमासाचीही तरतूद आहे. जपानी नियमात अशी तरतूद नव्हती आणि १८४४ पासून आजवर ती वेळही आली नव्हती.

यातून सुटका कशी करायची यावर त्सुकिमीची रात्र अवलंबून आहे. संपाताचा नियम धरून ठेवला तर सातव्या महिन्यानंतर अधिक महिना घालावा लागतो आणि चंद्रदर्शन ७ ऑक्टोबरला येते. अयनदिनाचा नियम वरचढ मानला तर अधिक महिना अकराव्यानंतर जातो आणि चंद्रदर्शन ८ सप्टेंबरलाच होते. चीनच्या पंचांगात हाच दुसरा, म्हणजे अयनदिनाचा मार्ग आहे आणि जपानमध्येही पंचांग-संस्कृतीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने २०१५ साली त्याचीच शिफारस केली. जुने पंचांग सरकारी राहिलेले नसल्याने राष्ट्रीय वेधशाळेने निकाल द्यावा अशी व्यवस्थाच नाही. मला स्वतःला ८ सप्टेंबर पटतो, कारण शेजारच्या सगळ्या पूर्व आशियाने ज्या रात्री वर पाहायचे त्याच रात्री जपाननेही पाहावे, हे या सणाच्या जन्मकथेला धरून आहे. हा उत्सव चीनच्या तांग राजवटीतून जपानी दरबारात आला होता. मात्र ८ सप्टेंबरच्या उकाड्यात 'मध्य-शरदाचा चंद्र' म्हणवत नाही, ही हरकतही खोटी नाही.

आता थेट चंद्रावर जाऊ. ही कल्पना आता हवेतली उरलेली नाही. जपानचे 'स्लिम' यान २० जानेवारी २०२४ रोजी चंद्रावर उतरले, जरी ते कलंडून पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेशी झालेल्या करारानुसार जपानने चंद्रावर फिरणारी हवाबंद गाडी पुरवायची आणि दोन जपानी अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्याची संधी मिळायची, असे ठरले. तेव्हा या शतकात कधीतरी आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री एखादी जपानी व्यक्ती चंद्रावर असेल, असे मानायला हरकत नाही. तिने त्सुकिमी कशी करायची?

पहिली अडचण उघड आहे. ती व्यक्ती चंद्रावरच उभी असल्याने तिला पाहण्यासारखी वस्तू म्हणजे पृथ्वी. मग पृथ्वीदर्शन करावे, असे कोणीही सुचवील. पण नेमक्या त्याच रात्री पृथ्वी दिसण्याजोगी नसते. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र या क्रमाने जवळपास एका रेषेत येतात, म्हणून जपानातून चंद्राचा उजळलेला भाग पूर्ण दिसतो. चंद्रावरून त्याच क्षणी पृथ्वी आणि सूर्य एकाच दिशेला असतात आणि पृथ्वीची अंधारी बाजू आपल्याकडे असते. चंद्राच्या पृथ्वीकडच्या बाजूच्या मध्यभागी तर तेव्हा टळटळीत दुपार असते आणि जमिनीचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. पृथ्वीवरची पौर्णिमा ही चंद्रावरची पृथ्वी-अमावास्या आहे आणि कोणताही सुंदर मनोरा, कोणतेही गवत त्यावर उपाय करू शकत नाही.

पूर्ण पृथ्वी पाहायची तर पंधरा दिवस मागे जावे लागते. जपानात अमावास्या असते तेव्हा चंद्रावरून पृथ्वीचा पूर्ण गोल दिसतो, आपल्याला दिसणाऱ्या पूर्णचंद्राच्या सुमारे ३.७ पट व्यासाचा आणि सुमारे तेरा पट क्षेत्रफळाचा. जपानच्या 'कागुया' यानाने एप्रिल २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरून वर येणाऱ्या पूर्ण पृथ्वीचे चित्रण केले, ते अमावास्येच्या सुमारासच. यान फिरत होते म्हणून पृथ्वी उगवताना दिसली. चंद्राच्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती उगवतही नाही आणि मावळतही नाही, आकाशात आपल्या जागी किंचित डोलत राहते आणि जागच्या जागी कला बदलते. संध्याकाळी चंद्र वर येण्याची वाट पाहणे हा त्सुकिमीतला सर्वांत हवाहवासा भाग, त्याला तिथे जागाच नाही.

पण जपानी गणनेत अमावास्येचा दिवस हाच महिन्याचा पहिला दिवस धरतात, आणि आठव्या महिन्याच्या या दिवसाला आधीच एक नाव आहे. तो 'हास्साकु'. या दिवशी शेतकरी भाताच्या पहिल्या लोंब्या ज्यांचे उपकार असत त्यांना नेऊन देत आणि पुढे तो एकमेकांना भेटवस्तू देण्याचा दिवस झाला. १५९० साली तोकुगावा इएयासु, जो पुढे शोगुन म्हणजे लष्करी शासक झाला, याच दिवशी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, दाखल झाला, म्हणून शोगुनांच्या काळात सरदार पांढऱ्या वेषात दरबारी हजर होत. क्योतोच्या गिओन भागात १ ऑगस्टला, म्हणजे नव्या तारखेला, नर्तिका आजही काळा औपचारिक किमोनो घालून गुरू आणि चहागृहांच्या मालकिणींकडे नमस्काराला जातात. आकाशात चंद्र नसल्याने हास्साकुला पाहण्यासारखे काही नव्हते, तो ऋण मानण्याचा दिवस होता. चंद्रावर मात्र तोच दिवस पूर्ण पृथ्वीचा. पृथ्वीकडून आलेले अन्न, हवा आणि पाणी यांवर जगणाऱ्या वस्तीने वर्षातून एकदा भरलेल्या पृथ्वीकडे पाहून कृतज्ञता व्यक्त करायची, यासाठी याहून योग्य तिथी मला सुचत नाही. पंधराव्या रात्रीची नक्कल करण्यापेक्षा चंद्रवासीयांनी हास्साकु पुन्हा जागवावा, असे मला मनापासून वाटते.

मंगळावर चित्र उलटे होते. तिथला फोबोस हा चंद्र ७ तास ३९ मिनिटांत मंगळाभोवती फेरी मारतो, म्हणून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो आणि पंधरा रात्री वाढत जाणारा चंद्र ही कल्पनाच तिथे लागू होत नाही. त्या फोबोसवरची माती आणण्याची मोहीम जपानने आखली आहे, पण त्सुकिमीसाठी तो निरुपयोगी आहे. 'हिगान' मात्र मंगळावर सहज साजरा होईल. संपाताच्या आगेमागे मिळून सात दिवस जपानात पूर्वजांच्या कबरी धुतात, फुले वाहतात आणि भाताच्या गोळ्यावर गोड लाल चवळीसारख्या अझुकीचे पुरण लिंपून केलेला 'ओहागी' खातात. संपाताला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो आणि अमिताभ बुद्धाची सुखावती ही स्वर्गभूमी पश्चिमेला आहे, या श्रद्धेवर हे सात दिवस उभे आहेत. मंगळाचा अक्ष सुमारे २५ अंश कललेला आहे, त्यामुळे तिथे ऋतू आहेत, संपात आहेत आणि संपाताला सूर्य तिथेही बरोबर पश्चिमेला मावळतो. फक्त मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे असल्याने पूर्वजांना पुढच्या शरदाची बरीच जास्त वाट पाहावी लागेल.

पृथ्वीवरचे भविष्य कमी विलक्षण आहे, पण अधिक निकडीचे आहे. वसंतारंभापासून २१० वा दिवस साधारण १ सप्टेंबरला येतो. भात फुलोऱ्यावर असते आणि तायफून नावाची वादळे याच काळात येतात, म्हणून हा दिवस धास्तीचा मानला जाई. काही भागांत वारा 'कापण्यासाठी' उंच खांबाला विळा बांधण्याची रीत होती. तोयामा प्रांतातल्या यात्सुओ गावात १ ते ३ सप्टेंबर या तीन रात्री 'काझे नो बोन' हा वाऱ्याचा उत्सव होतो. चढाच्या अरुंद गल्ल्यांतून ११ वस्त्यांचे लोक आपापल्या मिरवणुका काढतात. नर्तकांच्या गवती टोप्या इतक्या खाली ओढलेल्या असतात, की हनुवटीखेरीज चेहरा दिसत नाही. हात खांद्याच्या उंचीपर्यंत जातात, थबकतात आणि सावकाश खाली येतात, पायांचा आवाजही फारसा होत नाही. मागून तीन तारांचे शामिसेन आणि गजाने वाजवायचे कोक्यू ऐकू येते. पाऊस आला तर नाच थांबतो, कारण चामड्याने मढवलेली वाद्ये ओल सोसत नाहीत. वाऱ्याला शांत करण्यासाठीचा उत्सव अशा रीतीने प्रत्यक्ष हवेच्या मर्जीवर चालतो.

आणि त्याच हवेवर ताबा मिळवण्याचा संकल्प जपान सरकारने सोडलेला आहे. 'मूनशॉट' नावाच्या संशोधन योजनेतले आठवे उद्दिष्ट असे आहे, की २०५० पर्यंत अतिवृष्टी आणि प्रचंड वारे यांवर नियंत्रण मिळवून त्यांच्या धोक्यापासून समाजाला मुक्त करायचे. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाने २०२१ साली तायफून-संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभारले. तायफूनची ऊर्जा इतकी अफाट असते, की ते बळाने थोपवणे अशक्य आहे. म्हणून वातावरण अस्थिर असते अशा नेमक्या वेळी आणि नेमक्या जागी लहानसा हस्तक्षेप करून जोर थोडा कमी करता येईल का, हे तपासले जात आहे. १९५९ च्या सप्टेंबरमधल्या इसे आखाताच्या तायफूनने पाच हजारांहून अधिक माणसे गिळली, हे आठवले की या प्रयत्नाला हात आखडावासा वाटत नाही. पण तायफूनचा पाऊस जपानची धरणेही भरतो, आणि एका प्रांतावरून हलवलेले पाणी दुसऱ्या कुठेतरी पडते. तो निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न तंत्राइतकाच अवघड असल्याने योजनेत सामाजिक संमतीलाही स्थान दिलेले आहे. २०५० नंतर यात्सुओचे लोक नाचतील तेव्हा त्यांची विनवणी वाऱ्याच्या देवतेइतकीच एखाद्या नियंत्रणकक्षालाही उद्देशून असेल.

राहिले किडे. शरदातल्या रात्री 'सुझुमुशी' या घंटेसारख्या आवाजाच्या रातकिड्याचे गाणे ऐकणे हा जपानचा जुना छंद आहे आणि एदो शहरात पिंजऱ्यांतून किडे विकणारे फेरीवाले असत. हा आवाज दूरवर पाठवायचा तर जपून पाठवावा लागतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमधून साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचेच स्वर जातात आणि सुझुमुशीचा स्वर ४००० च्या वर असतो, म्हणून फोनवर माणसाचे बोलणे ऐकू येते आणि त्याच्या शेजारी गाणारा किडा गायब होतो. क्योतोच्या पश्चिमेला असलेल्या केगोन-जी मंदिरात मात्र किड्यांची पैदास आणि तापमान सांभाळून सुझुमुशी वर्षभर गाते ठेवले जातात, म्हणून लोक त्याला सुझुमुशी मंदिर म्हणतात.

हे मंदिर आणि आइचीची काचघरे शेजारी ठेवली, तर बंदिस्त वस्तीतला शरद कसा असेल ते दिसू लागते. किडे तापमानाला उत्तर देतात आणि गारवा वाढला की त्यांची लय संथ होते. शेवंती आणि भाताच्या अनेक जाती रात्रीच्या लांबीला उत्तर देतात. हिगानच्या सुमारास बांधांवर लाल ज्वाळांसारखी फुलणारी 'हिगानबाना' जमीन निवू लागली की वर येते. २०२३, २०२४ आणि २०२५ हे १८९८ पासूनच्या नोंदींतले सर्वांत उष्ण उन्हाळे ठरले आणि सप्टेंबर असा तापला की ही फुले संपात उलटून गेल्यावर फुलतात. घुमटाखाली, चंद्रावर वा पृथ्वीवर, तापमान आणि प्रकाश दोन्ही माणसाच्या हातात असतील, त्यामुळे उकाडा कधी ओसरायचा आणि दिवे रोज किती मिनिटे आधी मालवायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागेल. आज जपानची राष्ट्रीय वेधशाळा पुढच्या वर्षीच्या संपाताचा दिवस गणिताने काढते आणि आदल्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला तो राजपत्रात छापला जातो. त्या वस्तीच्या राजपत्रात संपाताच्या तारखेखाली रात्रीचे तापमान आणि दिवे मालवण्याची वेळही छापावी लागेल, आणि भात, शेवंती, हिगानबाना व किडे या चौघांनाही मानवेल असे एकच वेळापत्रक काढणे हे तिथल्या पंचांगकर्त्याचे काम असेल.